खोक्यावरचं नाव आणि आतला लॅपटॉप

बजेट ६५ हजार. भाचा मेकॅनिकलच्या पहिल्या वर्षाला, घर बार्शीत, कॉलेज आणि हॉस्टेल पुण्यात. पहिलं सेमिस्टर कॉलेजच्या लॅबवर निभावलं आणि लॅपटॉप जानेवारी २०२६ मध्ये घ्यायचा ठरला. थांबल्याने नेमकं काय लागतं ते कळलं, हा फायदा. तोटा असा, की २०२५ च्या अखेरीपासून रॅमचे भाव दुपटीहून वर गेले. ‘आत्ता ८ जीबीचा घेऊ, पुढे स्वस्तात आणखी ८ टाकू’ हा इतकी वर्षं सगळ्यांना दिलेला सल्ला त्यामुळे निकालात निघाला.

दुकानं पाहण्याआधी त्याच्या सिनिअरांकडून सॉफ्टवेअरची यादी मागवली. पहिल्या वर्षी इंजिनिअरिंग ग्राफिक्ससाठी ऑटोकॅड आणि प्रोग्रॅमिंगला सी नाहीतर पायथन. पुढे कॅडसाठी, म्हणजे थ्रीडी भाग काढायला, सॉलिडवर्क्स, आणि तिसऱ्या वर्षापासून ताकदीची गणितं करायला अ‍ॅन्सिस. विद्यार्थ्याला ऑटोकॅडचं शैक्षणिक लायसन्स फुकट मिळतं, दर वर्षी नूतनीकरण करावं लागतं, एवढंच. अ‍ॅन्सिसची विद्यार्थी आवृत्तीही फुकट आहे. तिच्यात मॉडेल किती नोड्सचं (म्हणजे हिशोबाच्या बिंदूंचं) असावं यावर मुळातच मर्यादा आहे, त्यामुळे तिच्यासाठी दणकट मशिन घेण्यात अर्थ नाही. या यादीने मॅकबुकचा विषय दोन मिनिटांत संपला. सॉलिडवर्क्स फक्त विंडोजवर चालतं. मुलगा कॉम्प्युटर सायन्सला असता तर मॅकबुक एअरचा गंभीरपणे विचार केला असता. मेकॅनिकल आणि सिव्हिलवाल्यांनी त्या वाटेला जाऊ नये.

दुसरा वाद गेमिंग लॅपटॉपचा. ‘मामा, कॅडला ग्राफिक्स कार्ड लागतंच,’ हे वाक्य दर वर्षी दर घरात ऐकू येतं. अभ्यासक्रमातले सुटे भाग आणि पन्नास-साठ भागांची असेंब्ली प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सवर व्यवस्थित फिरते. सॉलिडवर्क्समधली चकाचक रिअलव्ह्यू ही सोय कंपनीने प्रमाणित केलेल्या व्यावसायिक कार्डांवरच मिळते, म्हणजे आरटीएक्स ३०५० घेतलं तरी ती रीतसर मिळत नाहीच. मॉडेल पुन्हा बांधताना मुख्यतः प्रोसेसरचा एकच कोर (काम करणारा एक भाग) राबतो, तिथे कार्ड गप्प बसून असतं. गेमिंग लॅपटॉप सव्वादोन किलोचा, वर अर्ध्या किलोचा चार्जर, आणि बॅटरी दुपारच्या आत मान टाकते. त्यातल्या काही चार्जरना १६ अँपिअरचा जाड पिनांचा प्लग येतो, तो हॉस्टेलमधल्या पलंगाशेजारच्या ६ अँपिअरच्या सॉकेटमध्ये जात नाही. गेम खेळायचे असतील तर तसं सरळ सांगावं, मग हिशोब वेगळा. अभ्यासाच्या नावाखाली कार्ड नको, यावर शेवटी सगळे राजी झाले.

मग प्रोसेसर. इथेच गिऱ्हाईक सर्वांत जास्त फसतं, कारण जाहिरातीत फक्त आय५, आय७ किंवा रायझन ५ एवढंच ठळक छापलेलं असतं. खरी माहिती त्याच्या पुढच्या आकड्यांत आणि शेवटच्या अक्षरात असते. पहिल्या दुकानात समोर आलेला पहिलाच लॅपटॉप ‘आय सेव्हन आहे सर, डोळे झाकून घ्या’ या शब्दांत दाखवला गेला. डोळे उघडे ठेवून नंबर वाचला: आय७-१२५५यू. दहा कोर, त्यातले मोठे दोनच, बाकी आठ छोटे, आणि मूळ वीजमर्यादा १५ वॉट. शेजारी ठेवलेला आय५-१३४२०एच नावाने धाकटा दिसतो, पण त्यात मोठे कोर चार, छोटे चार आणि मर्यादा ४५ वॉट. दहा मिनिटं सलग चालणाऱ्या कामात हा आय५ त्या आय७ ला मागे टाकतो. पण त्याचीही एक खोड आहे: त्यातलं ग्राफिक्स ४८ युनिटचं, तर आय५-१३३५यू सारख्या १५ वॉटवाल्यात ८० युनिटचं. म्हणजे वेगळं कार्ड नसेल तर एच मालिकेतले हे स्वस्त प्रोसेसर ग्राफिक्सला लंगडे पडतात. ते मुळात वेगळ्या कार्डाच्या जोडीला बसवायला काढलेले आहेत.

एएमडीकडे गोंधळ आणखी मजेदार. ७००० मालिकेत डावीकडून तिसरा आकडा आतली रचना सांगतो. रायझन ५ ७५२०यू मध्ये तो २ आहे, म्हणजे झेन २, मूळ २०१९ ची रचना, चार कोर आणि ग्राफिक्सची दोनच युनिटं (इंटेलची युनिटं वेगळी, त्यांच्याशी हे आकडे ताडू नयेत). रायझन ५ ७५३०यू मध्ये तो ३, म्हणजे झेन ३, सहा कोर, ग्राफिक्सची सात युनिटं. नावात एका आकड्याचा फरक, कामात जमीन-अस्मानाचा. शिवाय ७५२०यू बरोबर येणारी रॅम मदरबोर्डला सोल्डर केलेलीच असते, ८ जीबी घेतली की जन्मभर ८ जीबी. ऑनलाइन सेलमध्ये ‘नवा सात हजारी रायझन’ म्हणून सर्वांत स्वस्तात दिसतो तो बहुतेकदा हाच. साध्या टायपिंगला, ऑनलाइन तासांना ठीक आहे, पण इंजिनिअरिंगच्या चार वर्षांना नाही.

कंपनीच्या मॉडेल नंबरातूनही हे वाचता येतं. लेनोवोच्या आयडियापॅड स्लिम ३ च्या खाली १५एएमएन८ असं असेल तर आत ७५२०यू चं कुटुंब, आणि १५एबीआर८ असेल तर ७५३०यू चं. खोक्यावर समोरून दोघांचंही नाव ‘आयडियापॅड स्लिम ३’ एवढंच. एचपीच्या नंबराच्या शेवटी टीयू असेल तर इंटेलचा प्रोसेसर आणि वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही, टीएक्स असेल तर कार्ड आहे. एयू म्हणजे एएमडी, कार्डाविना. एकाच नावाचा लॅपटॉप चार वेगवेगळ्या पडद्यांत आणि तीन वेगवेगळ्या रॅममध्ये विकला जातो, म्हणून यूट्यूबवर पाहिलेला आणि दुकानात मिळालेला वेगळा निघतो. आम्ही प्रत्येक दुकानात खोक्याच्या बाजूच्या स्टिकरचा फोटो काढला आणि संध्याकाळी पूर्ण नंबर टाकून कंपनीच्या साइटवर पडदा, रॅम, बॅटरी तपासली. लेनोवोची पीएसआरईएफ ही साइट यासाठी फार उपयोगी आहे. रॅमचे स्लॉट किती आणि बॅटरी किती वॉट-अवरची, हे सगळं तिथे नंबराप्रमाणे मिळतं.

या तपासण्यांतून एक नियम आपोआप ठरत गेला: जे पुढे बदलता येत नाही त्याला आधी पैसे द्यायचे. एसएसडी (फायली साठवायची जागा) बदलता येते. ५१२ जीबीची विंडोजमध्ये ४७६ दिसते ती मोजण्याच्या पद्धतीमुळे, कोणी काही चोरलेलं नसतं, आणि पहिली तीन वर्षं तेवढी पुरते. पडदा, बिजागरी, सोल्डर केलेली रॅम आणि प्रोसेसर मात्र जसे घेतले तसे शेवटपर्यंत. दुकानात याच्या बरोबर उलट चालतं. ‘१ टीबी’चं स्टिकर दाखवून २५० निट्सचा (निट्स म्हणजे उजेडाचं माप) मंद पडदा गळ्यात मारला जातो.

पडद्यावर आम्ही सर्वांत जास्त वेळ घालवला आणि तो वसूल झाला. स्वस्त लॅपटॉपच्या माहितीपत्रात कोपऱ्यात ‘४५ टक्के एनटीएससी’ लिहिलेलं असतं, म्हणजे पडदा रंग कमीच दाखवतो. ओळखायला उपकरण लागत नाही. फोनमध्ये हळदी-कुंकवाच्या करंड्याचा एक फोटो होता, तोच लॅपटॉपवर उघडला आणि फोन शेजारी धरला. ४५ टक्केवाल्या पडद्यावर कुंकू गेरूसारखं दिसलं आणि हळद फिकट, धुतल्यासारखी. १०० टक्के एसआरजीबीवाल्यावर, म्हणजे पूर्ण रंगांच्या पडद्यावर, दोन्ही फोनमधल्यासारखे. कॅडमध्ये लाल, किरमिजी, केशरी अशा लेयरच्या रेघा एकमेकींशेजारी असतात, त्या गेरू रंगात एकजीव होतात. म्हणजे ही चैन नव्हे. उजेड तपासायला लॅपटॉप दुकानाच्या दाराशी नेऊन पाहिला. आतल्या अंधारात सगळेच पडदे छान दिसतात. २५० निट्सचा पडदा खिडकीपाशी आरशासारखा झाला, ३०० चा जेमतेम चालला, ४०० चा व्यवस्थित वाचता आला.

१४ इंच की १५.६? मुलांना मोठा हवा असतो, पाठीला छोटा. इथे एक हिशोब कामाला आला. १५.६ इंची पडदा १६:९ चा असेल तर त्याची उंची १९.४ सेंटिमीटर भरते. १४ इंची १६:१० चा असेल तर १८.८. फरक सहा मिलिमीटरचा. रुंदी मात्र चार सेंटिमीटरहून जास्त कमी होते, आणि सॅकमध्ये अडते ती रुंदीच. वर १९२०×१२०० असेल तर १०८० च्या तुलनेत १२० आडव्या ओळी जास्त मिळतात, कोड वाचताना तीन-चार ओळींचा फायदा. एवढं मोजपट्टीने दाखवल्यावर १५.६ चा हट्ट सुटला. आकड्यांची स्वतंत्र पट्टी छोट्या लॅपटॉपला नसते. कॅडमध्ये मापं टाकताना ती लागते, पण यूएसबीचा सुटा नंबरपॅड स्वस्तात मिळतो.

रॅम १६ जीबी, यावर तडजोड नव्हती. विंडोज ११, ब्राउझरच्या दहा टॅब आणि टीम्स मिळून सहा-सात जीबी खातात, त्यात प्रोसेसरमधलं ग्राफिक्सही याच रॅममधून वाटा घेतं. कशी बसवली आहे हेही पाहावं लागतं. एकच पट्टी असेल तर ग्राफिक्सचा वेग पडतो. इंटेलच्या १२व्या-१३व्या पिढीत तर एका पट्टीवर ‘आयरिस एक्सई’ हे नावसुद्धा जाऊन ‘यूएचडी’ दिसायला लागतं. दुकानात हे पाहायला अर्धं मिनिट पुरतं. कंट्रोल, शिफ्ट, एस्केप एकदम दाबलं की टास्क मॅनेजर उघडतो, त्यात परफॉर्मन्स, मग मेमरी. उजवीकडे खाली ‘स्लॉट्स यूज्ड’ दिसतं, त्याखाली ‘फॉर्म फॅक्टर’. तिथे ‘एसओडिम’ असेल तर काढता येणारी पट्टी, ‘रो ऑफ चिप्स’ असेल तर सोल्डर केलेली. एका दुकानात ‘दोन स्लॉट आहेत, ३२ पर्यंत वाढवा’ असं ठासून सांगितलेल्या मशिनवर ‘रो ऑफ चिप्स’ निघालं. विक्रेता खोटं बोलत होता असं नाही वाटलं. त्यालाही कोणी तसंच सांगितलेलं असणार.

बॅटरीचे ‘१० तास’ वाचूच नयेत, वॉट-अवर वाचावेत. मध्यम उजेडात लिहिण्या-वाचण्याचं काम करताना असा लॅपटॉप साधारण ८ वॉट घेतो. ४२ वॉट-अवरची बॅटरी म्हणजे पाच तास, ६० ची म्हणजे सात-साडेसात. कॉलेजचा दिवस सकाळी दहा ते पाच, आणि वर्गात सॉकेट मोजून दोन. ६० च्या आसपासचीच हवी होती. दुसरी अट टाइप-सी पोर्टवरून चार्जिंगची. ६५ वॉटचा एकच चार्जर फोन आणि लॅपटॉप दोघांना चालतो, आणि हरवला तर कुठल्याही दुकानात दुसरा मिळतो. टाइप-सी पोर्ट दिसलं म्हणजे चार्जिंग होतं असं मात्र नाही. काही पोर्ट फक्त डेटाचे असतात, म्हणून दुकानात चार्जर लावून पाहायचा.

बिजागरीची परीक्षा सोपी. लॅपटॉप टेबलावर ठेवून एका बोटाने झाकण उचलायचं. खालचा भाग टेबलावरून उचलला गेला तर बिजागरी नको इतकी घट्ट आहे, आणि प्लास्टिकच्या बॉडीत अशी बिजागरी दोन वर्षांत स्वतःचे स्क्रू उपटून काढते. दुरुस्तीला येणाऱ्या विद्यार्थ्यांच्या लॅपटॉपांत असेही दिसतात. मग कीबोर्डच्या मधोमध, जी आणि एच च्या वर, अंगठ्याने दाबून पाहायचं. फळी किती खचते ते कळतं.

सेकंडहँडचा पर्यायही पाहिला. ऑफिसातून निघालेले लेनोवोचे थिंकपॅड किंवा डेलचे लॅटिट्यूड निम्म्याहून कमी किमतीत मिळतात आणि बांधणी नव्या स्वस्त लॅपटॉपपेक्षा दणकट असते. इंटेलची आठवी पिढी किंवा पुढची हवी, नाहीतर विंडोज ११ अधिकृतपणे बसत नाही, आणि विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आहे. बायॉसला (लॅपटॉप सुरू करणाऱ्या मूळ प्रणालीला) जुन्या कंपनीचा पासवर्ड राहिलेला नाही ना, हेही तिथेच सुरू करून बघायचं. ज्यांचं बजेट तीसच्या आत आहे त्यांनी नवा ७५२०यू घेण्यापेक्षा हे बघावं, असं आमचं स्पष्ट मत झालं. आमच्याकडे बजेट होतं आणि वॉरंटी हवी होती, म्हणून नवाच.

शेवटी दोन उरले. दोन्ही १४ इंची, १९२०×१२००, आत कोअर अल्ट्रा ५ १२५एच. चार मोठे कोर, आठ छोटे, आणि अगदी हलक्या कामाचे आणखी दोन. यातलं आर्क ग्राफिक्स आधीच्या पिढीच्या बरंच पुढे आहे, म्हणून कार्डाविना कॅड चालवायचं तर पैशाला हा खरा. एकात १६ जीबी पूर्ण सोल्डर केलेली, पडदा ४०० निट्स, बॅटरी ६० वॉट-अवर. दुसऱ्यात ८ सोल्डर आणि ८ ची पट्टी, म्हणजे पुढे वाढवायची सोय, पण पडदा ३०० निट्स आणि ४५ टक्के. रॅमचे भाव असे असताना वाढवण्याच्या सोयीसाठी चार वर्षं गेरूचं कुंकू बघायचं का? पहिला घेतला. सिव्हिलला ईटॅब्स या इमारतींच्या गणिताच्या सॉफ्टवेअरवर मोठ्या इमारती चालवणाऱ्याने दुसरा घ्यावा, आणि घेतानाच रॅम वाढवावी.

ब्रँड निवडला तो सर्व्हिस सेंटर पाहून. ऑनसाइट वॉरंटी म्हणजे माणूस घरी येतो, पण कुठल्या घरी? कंपनीच्या साइटवर पिनकोड टाकून बार्शी आणि पुणे दोन्ही तपासलं, आणि नोंदणी हॉस्टेलच्या पत्त्यावर केली. तीन वर्षांच्या वाढीव वॉरंटीत बॅटरी धरलेली नसते, तिची अनेकदा एकच वर्ष. पडझडीचं संरक्षण वेगळं घ्यावं लागतं, तेही खरेदीनंतर ठरावीक दिवसांतच. हॉस्टेलसाठी पैसे खर्चायचे तर पहिल्यापेक्षा या दुसऱ्यावर.

खरेदीच्या दिवशी एक घोळ झालाच. एका दुकानाने ‘सीलबंद’ म्हणून दिलेल्या खोक्याच्या टेपखाली दुसऱ्या टेपची कड दिसत होती. लॅपटॉप बाहेरून नवा कोरा. पेनड्राइव्हवर क्रिस्टलडिस्कइन्फो नेलं होतं, ते चालवलं तर एसएसडीचे ‘पॉवर ऑन अवर्स’ १४३. नव्या मशिनवर कारखान्यातल्या चाचणीचे एक-दोन तास दिसतात. १४३ म्हणजे कोणीतरी वापरून परत केलेला, किंवा काउंटरवर मांडलेला डेमो पीस. कमांड प्रॉम्प्टमधून बॅटरी रिपोर्ट काढला, तर त्यातही बॅटरीची मूळ क्षमता आणि आत्ताची पूर्ण क्षमता यांत चार टक्क्यांची तूट. वाद न घालता आकडे दाखवले आणि बाहेर पडलो. दुसऱ्या दुकानात तोच नंबर बाराशे रुपये महाग पडला, आणि तिथे १ तास दिसला. ‘बिल नको असेल तर दोन हजार कमी करतो’ हेही याच फेरीत ऐकलं. लॅपटॉपवर १८ टक्के जीएसटी आहे, मोह समजू शकतो. पण बिल नसेल तर कंपनी वॉरंटी मोजते ती माल कारखान्यातून निघाल्याच्या तारखेपासून, म्हणजे त्यातले काही महिने आधीच गेलेले. बिलावर सिरियल नंबर छापून घ्यायचा, आणि तो लॅपटॉपच्या पोटावरच्या नंबराशी जुळवायचा.

ऑनलाइन मागवला असता तर ओपन बॉक्स डिलिव्हरी निवडली असती. त्यात डिलिव्हरीवाला समोर खोकं उघडतो आणि तपासल्यावरच ओटीपी द्यायचा असतो. तरी खोकं घेतल्यापासून चालू होईपर्यंत न थांबता व्हिडिओ काढावा.

आता एक बारीक पण महागात पडणारी गोष्ट. दुकानात ‘सर, सेटअप करून देतो’ म्हणतात, त्याला नम्रपणे नाही म्हणायचं. विंडोज ११ मायक्रोसॉफ्ट अकाउंट मागतं आणि त्याच वेळी गुपचूप एसएसडीवर कुलूप घालतं, म्हणजे एन्क्रिप्शन सुरू करतं. त्या कुलपाची किल्ली, ४८ आकडी, ज्या अकाउंटने सेटअप झाला त्यात जाऊन बसते. दुकानातल्या पोराने स्वतःच्या अकाउंटने केलं असेल तर किल्ली त्याच्याकडे. रोजच्या वापरात काही कळत नाही. दीड वर्षाने मदरबोर्ड बदलला किंवा बायॉसमध्ये काही हललं, की निळ्या पडद्यावर किल्ली मागितली जाते, आणि ऐन सबमिशनच्या आठवड्यात चार सेमिस्टरच्या फायली आत अडकतात. सेटअप आम्ही हॉस्टेलवर, भाच्याच्या स्वतःच्या अकाउंटने केला. कॉलेजच्या ईमेलने नाही, कारण तो पदवीनंतर बंद होतो. बरोबर आलेलं ऑफिसही त्याच बैठकीत अ‍ॅक्टिव्हेट केलं, त्याला मुदत असते.

राहिली तासाभराची कामं. आधी सगळे विंडोज अपडेट, मग कंपनीच्या अ‍ॅपमधून बायॉस अपडेट, आणि तो पूर्ण होईपर्यंत चार्जरला हात लावायचा नाही. फुकट आलेला अँटिव्हायरस काढून टाकला, विंडोजचा स्वतःचा पुरतो. टेबलावर सतत प्लगला राहणार म्हणून चार्जिंगची मर्यादा ८० टक्क्यांवर. एकसंध पांढरा, काळा आणि लाल पडदा लावून मेलेले पिक्सेल शोधले, कारण दुकानाची बदलून देण्याची मुदत सातच दिवसांची होती. एकही सापडला नाही. ४८ आकडी किल्ली अकाउंटमधून काढून छापली, एक प्रत बिलाबरोबर प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये, दुसरी बार्शीला आईच्या कपाटात.